शेजारच्या सीटवरचं भय

हिरण्यकशिपूने खांबाला लाथ मारली, आणि देवळात जवळजवळ कोणीच दचकलं नाही.

कीर्तन करणाऱ्या रेणुकाताई निमकर क्षणभर थबकल्या. देवरुखच्या त्या देवळात नृसिंहजयंतीचं कीर्तन त्यांच्याकडे असायचं, आणि खांब फुटण्याची जागा त्यांनी आजही नेहमीसारखीच रंगवली होती. आवाज खाली, आणखी खाली, पार कुजबुजीपर्यंत. आणि मग झांज आणि त्यांच्या यजमानांची, श्रीपादरावांची, डग्ग्यावरची थाप, दोन्ही एकदम! एरवी या थापेला माणसं बसल्या जागी उडायची. आज पुढे बसलेली पोरं तेवढी किंचाळली. म्हाताऱ्या भागीरथीकाकूंनी "अगं बाई!" म्हणत छातीवर हात ठेवला. बाकी सारं देऊळ प्रसन्न चेहऱ्याने पुढची गोष्ट ऐकायला बसून राहिलं.

आरतीनंतर केतकरांचा विद्याधर म्हणाला, "ताई, खांब आज जरा सौम्य फुटला."

"खांब नेहमीचाच होता रे. तू कुठे होतास?"

तो हसला. पण रेणुकाताईंच्या मनातून ते जाईना. पोरं दचकली, काकू दचकल्या. यांच्यात सारखं काय? घरी पोचेपर्यंत त्यांच्या लक्षात आलं: यांच्यापैकी कुणीच गाडी चालवत नाही.

त्या काळात जवळजवळ प्रत्येक गाडीत 'सोबत' असे. वर्षाची वर्गणी भरली की गाडीला जणू आणखी एक डोळा फुटायचा. वळणापलीकडून येणारी बस, रस्त्यात उतरू पाहणारं जनावर, पेंगुळलेला ट्रकवाला, सगळं 'सोबत'ला आधी कळे आणि ब्रेक आपोआप लागे. घाटातले अपघात जवळपास थांबले होते. देवच पावला म्हणायचा, असं रेणुकाताई स्वतः कीर्तनात सांगत.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मागच्या दारी आल्या आणि त्यांच्या हातातलं पातेलं गळून पडलं. त्यांची नात ओवी विहिरीच्या कठड्यावर उभी होती आणि वाकून आतला बेडूक शोधत होती. शेजारी पायरीवर श्रीपादराव चहा पीत बसले होते.

"पडशील गं," ते म्हणाले. चहा निवतोय म्हणावं, तशा आवाजात. जागचे मात्र हलले नाहीत.

रेणुकाताईंनी धावत जाऊन पोरीला कवेत ओढलं. "अहो, उठला का नाहीत तुम्ही?"

श्रीपादरावांनी प्रामाणिकपणे विचार केला. "पडेल हे कळलं मला, रेणू. पण उठावंसं वाटलं नाही. कुणीतरी ब्रेक लावेल, असंच वाटत राहिलं."

त्याच दुपारी रेणुकाताईंनी पुण्याला फोन लावला. त्यांच्या बहिणीची मुलगी डॉक्टर अन्वया मेंदूवर संशोधन करायची, आणि 'सोबत' तयार झाली तेव्हा ती त्या कामात होती. मावशीचं सगळं बोलणं तिने ऐकून घेतलं.

"मावशी, दचकलेला माणूस काय करतो? स्टिअरिंग हिसकतो. यंत्र गाडी डावीकडे घेत असतं, हा घाबरून उजवीकडे ओढतो. या भांडणातच माणसं मरत होती. म्हणून चालकाच्या सीटच्या डोक्यामागच्या उशीतून अगदी सौम्य चुंबकीय लहरी सोडल्या. मेंदूत बदामाएवढी एक गाठ असते, संकट दिसलं की घंटा वाजवणारी. लहरी त्या गाठीला गप्प करतात. आम्ही त्याला 'दचकरोध' म्हणायचो. माणूस शांत राहतो, ब्रेक यंत्र लावतं."

"पण विहिरीवर कुठली आली गाडी?"

"मेंदू तोच ना गं. वर्षानुवर्षं गाठ एवढंच शिकली, की संकट आलं तरी आपलं काम नाही."

रेणुकाताई हळूच म्हणाल्या, "मागचा झीलकरी रोज वरचा सूर धरत गेला, तर बुवांचा गळा वर चढायचाच विसरतो. तसं?"

"अगदी तसं."

"मग बंद करते मी ती वर्गणी. उद्याच मुदत संपतेय."

"थांब. लहरी त्याच दिवशी थांबतील, पण ब्रेकही थांबेल. भय परत यायला महिने लागतात. काहींना आलं. काहींना अजून आलेलं नाही."

"तोवर गाडी दारात उभी ठेवू."

"तेही चालणार नाही, मावशी. प्लास्टरमधून काढलेला हात कामाला लावल्याशिवाय भरतो का? ती गाठ फक्त संकटानेच जागी होते. आणि तेव्हा काकांजवळ यंत्रही नसेल आणि भयही नसेल."

रेणुकाताईंनी फोन ठेवला. वर्गणी ठेवली तर रस्त्यावर यजमान सुखरूप, पण ओवीला त्यांच्यापाशी सोडायची सोय नाही. पोरीची आई पुण्यात इस्पितळात पाळ्या करते, पोर इथेच वाढायची. वर्गणी सोडली तर कीर्तनांच्या वाटेवरचा आंबा घाट आहेच.

त्यांनी श्रीपादरावांना सगळं सांगितलं. ते समजून मान डोलावत होते.

"तूच ठरव, रेणू. असलं काही ठरवायला आधी पोटात गोळा यावा लागतो. माझ्या येत नाही."

"मग इतकी माणसं दरवर्षी वर्गणी कशी भरतात?"

"ती भरत नाहीत," श्रीपादराव हसले. "त्यांच्या बायका भरतात. आपल्याकडे कोण भरतं?"

रात्रभर रेणुकाताई देवासमोर बसल्या. सकाळी त्यांनी मुदत वाढवली नाही.

चारच दिवसांनी मलकापूरला कीर्तन होतं. ओवीला शेजाऱ्यांकडे ठेवून दोघं निघाली. श्रीपादराव गुणगुणत गाडी चालवत होते. घाटाच्या मध्यावर एका वळणाला, ट्रकला मागे टाकत एक एस्टी त्यांच्याच बाजूने समोर आली. श्रीपादरावांनी ती पाहिली. रेणुकाताईंनी त्यांना ती पाहताना पाहिलं. गुणगुणणं चालूच होतं.

"अहो, डावीकडे! ब्रेक! ब्रेक!"

तबलजी समेवर येतो तसे ते त्या हाकेवर आले. गाडी कठड्याला घासत थांबली. एस्टी हॉर्न वाजवत निघून गेली. खाली दरी होती, आणि दरीत इतकी शांतता, की रेणुकाताईंना स्वतःचा श्वास ऐकू येत होता.

"छान ओरडलीस," श्रीपादराव म्हणाले. "अगदी वेळेवर."

मग त्यांचं लक्ष रेणुकाताईंच्या हातांकडे गेलं. ते थरथरत होते. त्यांनी ते दोन्ही हात आपल्या हातांत घेतले आणि एखादी जुनी वस्तू न्याहाळावी तसे न्याहाळत राहिले.

"असं असतं नाही का ते... आठवतंय मला थोडं."

त्यांचे हात कोरडे होते, स्थिर होते. रेणुकाताईंना रडू फुटलं. आयुष्यभर प्रत्येक कीर्तनाच्या शेवटी त्यांनी साऱ्या श्रोत्यांसाठी देवाकडे निर्भयपण मागितलं होतं. आज त्यांच्या ओठांतून निघालं, "नारायणा, यांना भय दे रे."

"देईल तो," श्रीपादराव प्रेमाने म्हणाले. "तोवर तू आहेसच. फक्त जरा सांभाळून ओरड हं. संध्याकाळी गायचंय तुला."

त्यांनी गाडी सुरू केली. पुढचं वळण धुक्यात होतं. रेणुकाताई नामस्मरण करू लागल्या, पण डोळे मिटायची त्यांची छाती झाली नाही.