ठेवू का?

पाचच्या आत नकाशे पाठवायचे आणि फोन करून ‘पोचले का’ विचारायचं, एवढंच आज दुपारचं काम होतं. काम देणाऱ्या ऑफिसने बजावलं होतं, पाचपर्यंत तुमचा फोन आला नाही, तर काम दुसऱ्याकडे. वर्षभर पुरेल एवढं काम होतं ते.

घरांचे नकाशे काढणारा हा गृहस्थ वरच्या मजल्यावर बसून काम करायचा. फोनची लाइन एक आणि फोन दोन, एक वर त्याच्याकडे, दुसरा खाली राहणाऱ्या त्याच्या काकूकडे. लाइनवर इंटरनेट जोडलं, की मॉडेम आधी किंचाळायचा, घरघरायचा, मग गप्प होऊन कामाला लागायचा. पण तेवढ्यात खाली कुणी रिसीव्हर उचलला की सगळं तुटायचं. शहाण्णव टक्के गेलेला नकाशा पुन्हा शून्यापासून.

कुणी म्हणजे काकूच. एकटी विधवा बाई, दुपारी तीनला बहिणीला फोन लावायची. कानात किंचाळी आली तरी पटकन खाली ठेवणं तिला जमत नसे. समोरच्याने ‘ठेव’ म्हटल्याशिवाय फोन ठेवायचा नाही, अशी तिची रीत. मग ती त्या किंचाळीलाच विचारायची, “ठेवू का?”

“मॉडेमची परवानगी मागतेय,” तो बायकोला म्हणायचा. “माणूस कुठला नि मशीन कुठलं, एवढं कळायलाही थोडी अक्कल लागते.” मग जिन्यातून खाली ओरडायचा, “ठेव, काकू! ठेव!”

“हो रे बाबा, ठेवते,” खालून यायचं.

महिन्यापूर्वी त्याने उपाय काढला. काकूचीच जुनी लोखंडी इस्त्री, दोन्ही हातांनी उचलावी लागे अशी, तिच्या रिसीव्हरवर ठेवून दिली. काकूच्या मनगटात जोर नव्हता. तिने इस्त्रीकडे पाहिलं, त्याच्याकडे पाहिलं.

“तुझं काम झालं की काढशील ना रे?”

“बघू,” तो म्हणाला. हे ऐकायला तिसरं कुणी नव्हतं.

इस्त्री ठेवली त्या दुपारी नकाशा एका दमात गेला. चारला बायको नेमाप्रमाणे चहा घेऊन खाली उतरली, तर काकू फोनच्या टेबलापाशी पडलेली. एक हात वर, इस्त्रीच्या मुठीवर.

“वयच झालं होतं,” तो म्हणाला आणि डॉक्टर यायच्या आत इस्त्री कपाटात टाकून आला. बायकोने ते पाहिलं. कधीतरी हा आपणहून त्या माउलीची माफी मागेल, अशी तिला आशा होती. रोज हात जोडताना ती देवाकडे तेवढंच मागायची.

आज खालच्या दाराला कुलूप होतं, किल्ली त्याच्या खिशात. मॉडेम किंचाळला, गप्प झाला. वीस टक्के. पन्नास. एकाहत्तर. घड्याळात तीन वाजले आणि कनेक्शन तुटलं.

त्याने पुन्हा लावलं. सोळा टक्क्यांवर तुटलं. पुन्हा लावलं. चार टक्क्यांवर.

बायको दारात उभी होती. “काकूंची वेळ आहे ही…”

“हो ना. मेल्यावर तरी अक्कल येईल असं वाटलं होतं,” तो म्हणाला आणि जिना उतरला.

कुलूप काढलं. बंद खोलीत तापलेल्या कापडाचा वास होता, इस्त्री विसरल्यावर येतो तसा. रिसीव्हर जागेवर, त्यावर महिन्याची धूळ. आणि फोनशेजारी ती इस्त्री, काकू ठेवायची तशी, टाचेवर उभी.

बायकोने काढली असेल. बायकांना भावना फार. त्याने भिंतीतून वायर उपटली, काकूचा फोन मुका केला आणि वर आला.

आता नकाशे सुरळीत गेले. शंभर टक्के. पाचला सहा मिनिटं. इंटरनेट बंद करून त्याने आपला रिसीव्हर उचलला.

कानात किंचाळी आली. मॉडेमचे दिवे तर विझलेले. तीच घरघर, तीच शिट्टी, आणि त्या गोंगाटाच्या तळाशी कुणीतरी दम खात होतं.

“ठेवू का रे…?”

त्याने रिसीव्हर कानापासून लांब धरला. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि म्हातारी लाइन अडवून बसली होती. भीतीच्या वर त्याचा जुना तुच्छपणा उसळून आला. दोन शब्द नीट बोलायचे होते, तेवढेही त्याला जड झाले.

“ठेव एकदाची. ठेव!”

“हो रे बाबा… ठेवते.”

आणि तिने ठेवली.

रिसीव्हर त्याच्या बोटांसकट खाली दाबला गेला. हाताच्या पाठीवर काहीतरी जड, गरम, टोकदार आलं. त्याने दुसऱ्या हाताने ते ढकलायला पाहिलं. ढकलण्यासारखं तिथे काही नव्हतं.

“अगं… वरची उचल… उचल ना…”

“वरची काय?” बायको धावत आली. तिला फक्त फोन आणि नवऱ्याचा हात दिसला. तिने त्याच्या मुठीतून रिसीव्हर दोन बोटांनी अलगद सोडवला आणि कानाला लावला. हात मात्र तिथेच, फोनवर चिकटून राहिला.

“ऑफिसला लाव,” तो कण्हला.

ती ऐकत राहिली. घड्याळात पाच वाजले. तिचा चेहरा हळूहळू निवळला, चहा घेऊन खाली जाताना असायचा तसा झाला.

“बरं, काकू,” ती रिसीव्हरमध्ये म्हणाली. मग त्याच्याकडे वळली.

“काकू विचारतायत… तुमचं काम झालं का. झालं की काढतील म्हणतात.”