चुन्याच्या थरातली प्रमिला

सांगलीच्या गावभागात प्रमिला आपटेच्या घरावर स्मृतिफलक लागणार हे कळलं, तेव्हापासून अनसूयाबाई टिकेकरांच्या अंगाचा तिळपापड होत होता. मेली तरी बया पुढंच! खालच्या मजल्यावर त्या, वरच्या मजल्यावर प्रमिला. दोघी एकाच पटावर बुद्धिबळ शिकल्या. घोड्याचा बळी देऊन राजाला कोंडायची ती गाजलेली चाल काढली अनसूयाबाईंनी. दिवाळीच्या फराळाला वर जाऊन त्यांनी ती कौतुकानं प्रमिलेला दाखवली आणि प्रमिला तीच खेळून स्पर्धेत विजेती झाली. गेली चाळीस वर्षं त्या हे सांगत होत्या. लोक 'हो का?' म्हणून चहा संपवत होते.

आता भिंतच साक्ष देणार होती. नगरस्मृती मंडळ हल्ली घराचं ऐकून घेतल्याशिवाय फलक लावत नसे. मंडळाची अभियंता चैत्राली वरच्या खोलीत भिंतीला थरश्रावक यंत्र लावून बसली होती. प्रमिलेचा आवाज ओळखणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून अनसूयाबाईंना बोलावणं गेलं आणि त्या ठेवणीतली साडी नेसून आल्या.

"भिंतीला काय कान असतात होय गं?"

"चुन्याला असतात, आजी. ओला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून पुन्हा दगड होतो. तेव्हा खोलीत जे बोलतात, त्याची कंपनं त्यात गोठतात. तुमच्याकडे दर दिवाळीला सफेदी व्हायची ना? मग भिंतीवर दर दिवाळीचा एक थर आहे."

"मग ती दिवाळी काढ. चोर आहे ती प्रमिला."

यंत्र बारीक गुणगुणलं. थोडी खरखर झाली आणि प्रमिला बोलली. तीच, किंचित नाकात.

"अहो, ही चाल अनसूयाची. मला सात जन्मांत सुचली नसती."

"ऐकलंस?" अनसूयाबाईंनी मांडीवर थाप मारली.

"मग तिलाच पाठवू की स्पर्धेला," प्रमिलेचा नवरा म्हणत होता. "तिच्या सासऱ्यांशी मी बोलतो. माझा शब्द मोडायचे नाहीत ते."

प्रमिलेचा आवाज हलका झाला. "नको. अनसूया आली तर माझं काय?"

सासरे आपल्याला स्पर्धेला पाठवणार नाहीत, हे अनसूयाबाईंनी नशीब म्हणून गिळलं होतं. एका शब्दाचं काम होतं! त्यांना संताप आला, रडू आलं आणि त्यातच, लाज वाटावी इतका, आनंद झाला. आपणच तेवढ्या जळतोय असं त्यांना वाटायचं. वरही तीच आग होती.

"चाल तुमची, हे मी अहवालात लिहिते," चैत्राली म्हणाली. "पण हयात माणसाचं नाव फलकावर येत नाही. म्हणाल तर प्रमिलाबाईंचा फलक रद्द करायला सांगते."

"म्हणजे नाव लागायला मरायला हवं. त्यातही तिनंच नंबर लावला!" अनसूयाबाई कडवट हसल्या. "रद्द नको. खेळायची मात्र छान."

"मग फलकासाठी त्यांचं एक वाक्य निवडू या. हात लावला की ते ऐकू येतं. लोकांना आवडेल असं काही..."

"शेवटचं घाल. 'अनसूया आली तर माझं काय?'"

चैत्राली चमकली. "आजी, त्यांची शोभा होईल."

"होऊ दे थोडी," अनसूयाबाई पदरानं डोळे पुसत म्हणाल्या. "रस्त्यानं जाणारं कुणीतरी थांबेल, ऐकेल. मग विचारेल ना गं, ही अनसूया कोण?"