बुडाशी निळी खूण

माझ्या नवऱ्याचा उजवा पाय तुम्ही एकदा पाहिलात, तर हे खरं की खोटं असं विचारणार नाही.

पण तो कुणाला दाखवत नाही. शेकायला सॉनाच्या वाफेत बसला तरी पायावर पंचा टाकून बसतो.

म्हणून मीच सांगते. मी हेल्मी कांगास. जे झालं ते माझ्या डोळ्यांसमोर झालं.

रात्र नव्हती. दुपार नुकती कलली होती. साल १९८८, नोव्हेंबर. दुसऱ्या दिवशी हरणांची शिकार सुरू होणार होती, म्हणजे रानात बिनघोर फिरायचा तो शेवटचा दिवस. सुपीरियर सरोवराकाठच्या आमच्या हाल्मे गावात त्या दिवशी सगळे पाइनच्या बनात एक फेरी मारून येतात. छोटीशीच वाट. थर्मासातली कॉफी निवायच्या आत संपते.

ते बन आपोआप उगवलेलं नाही. जळक्या माळावर गावातल्या शाळकरी पोरींनी ते ओळीनं लावलं. माझ्या सासूबाई, आयली, त्या पोरींतल्याच एक. लावताना त्या गायच्या...

रोप लाविते ओळीत, माती पायानं दाबिते
एक वाढाया सोडिते, एक तोडाया राखिते

लहानपणी गाणं नुसतं गोड लागतं. शब्द फार उशिरा कळतात.

आम्ही चौघं होतो. मी, माझा नवरा आर्वो, सासूबाई आणि धाकटा दीर रेइनो. रेइनोचं काम झाडांवर खुणा करण्याचं. बन दाट झालं की वाकडी, किडकी झाडं काढतात, म्हणजे सरळ झाडांना ऊन मिळतं. काढायच्या झाडावर निळ्या रंगाचे दोन पट्टे. एक छातीशी, तो तोडणाऱ्यासाठी. दुसरा अगदी बुडाशी. झाड गेलं तरी तो खुंटावर राहतो. तपासायला येणाऱ्याला कळतं, हे झाड हक्कानं तोडलंय.

बुडाशी खूण नसेल, तर ती चोरी.

एवढं ध्यानात ठेवा.

बनात शिरताच आर्वोनं भावाची कळ काढली. "काय रे, दिवसभर झाडांना रंग फासतोस आणि वर पगार घेतोस?"

"जपून बोल, दादा. वाकडी आधी जातात." खाणीत मार बसल्यापासून आर्वोचा एक खांदा झुकलेला होता.

"मग मार की पट्टा! आहे हिंमत?"

रेइनोनं कमरेचा रंगाचा डबा काढला.

फुस्स...

आर्वोच्या नारिंगी जाकिटावर छातीशी आडवा निळा पट्टा. आम्ही पोट धरून हसलो.

सासूबाई हसल्या नाहीत. त्यांनी रेइनोच्या मनगटावर फाडकन चापट मारली. "जित्या माणसावर मारायचा नाही! बापानं एवढंही शिकवलं नाही तुला? पूस. आत्ता पूस."

"आई, रंग आहे गं," रेइनो म्हणाला. "घरी रॉकेलनं निघेल. तू आधी पाव काढ."

वेलदोड्याचा पाव खात आम्ही पुढे निघालो.

ओळीत लावलेल्या बनाची एक गंमत असते. बाजूनं पाहिलं तर नुसती गर्दी. एक पाऊल पुढे टाकलं की एकदम लांबलचक गल्ली उघडते, थेट टोकापर्यंत. आणखी एक पाऊल, की मिटते.

एक गल्ली उघडली. रिकामी. मिटली.

दुसरी उघडली. रिकामी...

ठक्.

"कुऱ्हाड?" आर्वो थबकला. "हल्ली कुऱ्हाड कोण चालवतं?"

"कुणीच नाही," रेइनो म्हणाला. "आणि तोड तर बर्फ पडल्यावर सुरू व्हायचीय."

ठक्.

आता जवळ.

तेव्हा माझ्या लक्षात आलं... बनात एकही पाखरू बोलत नव्हतं. वारा नव्हता. शेंडे हलत नव्हते. फक्त ताज्या कापलेल्या लाकडाचा वास येत होता. ओला. गोडसर.

"अगं..." आर्वो एवढंच म्हणाला आणि खाली बसला.

त्याच्या नडगीतून मांसाचा एक तुकडा निघून पुढे पडला होता. कलिंगडाची फोड काढावी तसा. वरून तिरका, खालून सपाट. आत हाड पांढरं दिसलं... मग रक्तानं भरून गेलं.

आमच्याखेरीज तिथे कुणी नव्हतं.

मी गळ्यातली शाल ओढून पायाला आवळली. रेइनो त्या जखमेकडे बघत होता.

"वहिनी, ही खाच आहे."

"कसली खाच?"

"झाड पाडताना आधी पुढून खाच पाडतात. मग..." तो आर्वोच्या पाठीमागे बघत राहिला. "मग मागून घाव."

त्यानं आर्वोला गळपट्टीला धरून खसकन ओढलं. त्याच क्षणी आर्वो जिथे होता तिथल्या खोडाची ढलपी उडाली. माझ्या गालात कुसळ घुसलं.

सासूबाई गुडघ्यांवर पडल्या. दोन्ही हात पसरून झाडांवर ओरडल्या. "मी लावलंय तुम्हाला! या हातांनी लावलंय! माझं लेकरू आहे ते!"

बन ऐकत होतं. मला शपथेवर सांगता येईल, ऐकत होतं.

ठक्.

रेइनोनं आर्वोचं जाकीट ओरबाडून काढलं आणि स्वतःच्या अंगात घातलं.

"भावोजी, काय करताय!"

"पट्टा मी मारला ना? मग तो माझा. दादाला गाडीकडे ओढ, वहिनी. मागे बघू नकोस."

"रेइनो, गाढवा, इकडे ये!" आर्वो रडत ओरडला.

"आयुष्यात पहिल्यांदा तू सांगशील ते ऐकणार नाही, दादा," तो म्हणाला आणि एका गल्लीत पळाला.

ठक्... ठक्... ठक्. त्याच्या पावलामागे पाऊल.

मग त्याचाच आवाज आला. झाड कोसळताना तोडणारे देतात ती हाळी.

"पडतंय... बाजूला व्हा!"

मी मागे पाहिलं.

माणूस पडताना वाकतो. हात पुढे करतो. रेइनो तसा पडला नाही. हात अंगाशी, मान ताठ, सरळच्या सरळ आडवा झाला. आमच्या पायाखालची जमीन हादरली.

आणि त्याचे बूट पडले नाहीत.

दोन्ही बूट, नाड्या बांधलेले, गल्लीत उभे होते. आत पाय होते. वर काही नव्हतं.

सासूबाई तिथवर रांगत गेल्या. मला वाटलं, लेकाला कुशीत घेतील. त्यांनी आधी बूट हातात घेतले. रक्त झग्याच्या टोकानं पुसलं. नाड्या सोडून, मोजे सरकवून, टाचांपाशी काहीतरी शोधलं.

"खूण नाही," त्या म्हणाल्या. आणि मग जो हंबरडा फोडला...

पोलिसांनी अपघात लिहिला. कशाचा, ते कुणी विचारलं नाही.

आर्वोचा पाय वाचला. दवाखान्यात नर्सबाईनं त्याचा बूट काढला, मोजा काढला. घोट्याखाली, उघड्या कातडीवर, आडवा निळा पट्टा होता. रेइनोचा डबा एकदाच फुसफुसला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकलं होतं. नर्सबाईनं स्पिरिटनं घासून घासून कातडी लाल केली. पट्टा गेला नाही.

सासूबाई त्या पट्ट्याकडे पाहत होत्या. तेव्हा मला त्यांचं बोलणं कळलं.

रेइनो हक्काचा नव्हता. रेइनो चोरीत गेला. हक्काचं झाड अजून उभं आहे.

आता सासूबाई नाहीत. आम्ही दोघं म्हातारे झालो. त्या बनाकडे आम्ही पुन्हा गेलो नाही. आर्वोला वाकवत नाही, म्हणून त्याचे मोजे रोज मीच घालते, मीच काढते. इतक्या वर्षांत तो पट्टा जुन्या गोंदणासारखा फिकट झाला होता. मी त्यावरून बोट फिरवायची आणि मनात म्हणायची, बन विसरलं असेल.

काल संध्याकाळी मोजा काढला.

"काय गं? काय झालं?" आर्वोनं विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं आणि हात झग्याला पुसला.

पट्टा ओला होता.