कामिनीच्या बाटल्यांतले बेपत्ता जंतू

या पृथ्वीवर खरं राज्य सूक्ष्मजीवांचं आहे. माणूस, म्हैस आणि विद्यापीठ हे सगळे त्यांचे भाडेकरू. शहाद्याजवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातले सूक्ष्मजीवशास्त्राचे विभागप्रमुख डॉ. हेमकांत दरवर्षी पहिल्या तासाला हेच सांगत. "जंतू नाहीत अशी जागा दाखवा, मी राजीनामा देतो," हे त्याच्या पुढचं वाक्य.

सोमवारी सकाळी त्यांच्या विद्यार्थिनीने, कामिनीने, इन्क्युबेटर उघडला आणि ती जागा सापडली.

दुधातले जंतू वाढवायला ठेवलेल्या तिच्या सगळ्या प्लेटा कोऱ्या होत्या. कासदाह झालेल्या म्हशींचं दूध, काकांच्या गोठ्यातलं, तिने स्वतः काढून आणलेलं. त्यात जंतू नसणं म्हणजे शहाद्याच्या एसटी स्टँडवर माणूस नसणं. आणि हे सलग दुसऱ्यांदा झालं होतं.

डॉ. हेमकांतांनी राजीनामा दिला नाही. कामिनीला केबिनमध्ये बोलावलं.

"पिशवीचं दूध भरलंस ना बाटल्यांत?"

"नाही सर. धार मी काढली. दुधात गाठी होत्या."

"मग जंतू कुठे गेले? गावाला? शुक्रवारपर्यंत खुलासा झाला नाही तर प्रकल्प रद्द, परीक्षा बंद. वर्ष गेलं समज."

चौकशी डॉ. सालेहांकडे आली. विभागात चौकशी, रांगोळी स्पर्धा आणि बंद पडलेला फ्रीज ही कामं कायम त्यांच्याकडेच येत.

"रडू नकोस," सालेहा म्हणाल्या. "रडून जंतूंच्या कॉलनी वाढत नाहीत. बाटल्यांचा खोका कसा आणतेस?"

"थर्माकोलचा. आत गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या. कोरडा असतो मॅडम, पाण्याचा थेंब नसतो."

"इन्क्युबेटरमध्ये आणखी कोणाच्या प्लेटा?"

"योगेंद्रच्या."

योगेंद्र वर्गात दुसरा येई. पहिली कामिनी. संशयाला एवढं पुरेसं होतं.

"तू तिच्या प्लेटा बदलल्यास?"

"मॅडम, माझ्याच मला सापडत नाहीत!" योगेंद्रने आपली प्लेट पुढे केली. तिच्यावर जंतूंची जत्रा भरली होती.

सालेहांनी कामिनीच्या एका कोऱ्या प्लेटवर अंगठा टेकवून ती परत आत ठेवली. योगेंद्रच्या जंतूंवर तिच्या बाटलीतल्या दुधाचे थेंब सोडले. दुसऱ्या दिवशी पाहिलं. अंगठ्याच्या जागी कॉलनी उगवल्या होत्या. दुधाखालचे जंतूही मजेत वाढले होते.

म्हणजे प्लेट चांगली, इन्क्युबेटर चालू, दुधात जंतू मारणारं औषध नाही. सालेहा वैतागल्या. निष्पाप वस्तूंची यादी वाढत होती आणि गुन्हेगार सापडत नव्हता.

मग त्यांनी बाटल्याच नीट पाहिल्या. चिकटवलेल्या नावाच्या पट्ट्या सैल होऊन खाली घसरल्या होत्या. झाकण उघडलं तर आत गळ्याशी सुरकुतलेला पातळ पापुद्रा चिकटलेला. त्यांनी वास घेतला. ओळखीचा वाटला. कुठला ते आठवेना, म्हणून त्या आणखी वैतागल्या.

"चल, तुझ्या काकांकडे," त्या म्हणाल्या.

तापीकाठच्या गावात रूपचंदकाका गोठ्यातच भेटले.

"कोणी इंजेक्शन दिलं का म्हशींना?"

"नही ना मॅडम. कामिनी म्हने, तपासणी व्हवू द्या आधी. म्हशी तश्याच शेतस. तुम्हना जंतू काय पायी चालत येई ऱ्हायनात का?"

सालेहा आत गेल्या. घरात तापीबाईकाकू शेव तळत होत्या.

"पोर कशी वाळी गई दखा. काय खावाले देतस का नही कॉलेजमा?"

"काकू, धार काढल्यावर कामिनी काय करते?"

"आंघोळले जास. मंग गाडीनी येळ व्हस. खोका उचलस नि पयस."

"तोवर खोका कुठे असतो?"

"अठेच. ओटावर."

देव्हाऱ्याशेजारी महाविद्यालयाच्या शिबिराचं भित्तिपत्रक लावलेलं होतं: 'जनावरांपासून माणसाला होणारे आजार'. त्यावर माईक धरलेले डॉ. हेमकांत. त्यांच्या कपाळाला गंध होतं.

सालेहा बराच वेळ भित्तिपत्रकाकडे पाहत राहिल्या. मग गोठ्यात जाऊन त्यांनी नवे नमुने स्वतः घेतले आणि खोका शहाद्यापर्यंत मांडीवरून खाली ठेवला नाही.

शुक्रवारी केबिनमध्ये सगळे जमले. तापीबाईकाकूही आल्या होत्या. सालेहांनी टेबलावर नव्या प्लेटा मांडल्या. सोनेरी कॉलनी टेबलभर चमकत होत्या.

"त्याच म्हशी, तशाच बाटल्या," सालेहा म्हणाल्या. "फरक एकच. हे दूध ओट्यावर थांबलं नाही. सर, आजारी जनावराच्या दुधात काहीच उगवत नाही, असं केव्हा होतं? दूध उकळल्यावर. पट्ट्यांचा डिंक गरम पाण्याने सुटला. गळ्याशी होती ती साय. आणि तो वास तापवलेल्या दुधाचा, आपण रोज चहात घेतो तो. काकू, तुम्ही बाटल्या तापवल्या?"

"मंग!" काकू अभिमानाने म्हणाल्या. "पातेलामा पानी टाकं, बाटल्या उभ्या कयात. झाकनं सैल ठेयात, नहीतं फुटतीस. मंग थंड पानीमा ठेयात. एकनं दूध दुसरामा जावू दिधं नही!"

कामिनीने डोकं धरलं. "काकू, काब्र पण? कशाले?"

"सरेसनीच सांगं ना शिबिरमा! कच्चं दूध उंबराबाहेर जावू द्यानं नही. आख्खा गावनी टाळ्या वाजाड्यात. मी मनमा ठरायं, आपला घरमाईन जावाव नही. आनि हाई ते मास्तरेसले पेवाले जायेल!"

डॉ. हेमकांत चष्मा पुसू लागले. अक्कलकुव्यापासून धडगावपर्यंत त्यांनी हे भाषण किती गावांत दिलं होतं, आणि सगळीकडे लोक टाळ्या वाजवून घरी जाऊन कच्चं दूध प्यायले होते.

"गुन्हेगार सापडला, सर," सालेहा म्हणाल्या. "आपलं भाषण. ऐकणारं माणूस एकच निघालं, तेही नेमकं इथे."

योगेंद्र खिडकीबाहेर पाहून खोकला. ते खोकणं बराच वेळ चाललं.

"कामिनी," डॉ. हेमकांत शेवटी म्हणाले, "परीक्षेला बस. माझं... मी घाई केली."

कामिनी घाईघाईने पुढे आली. तिने वाकून नमस्कार केला, तोही चुकून योगेंद्रच्या बाजूला. डॉ. हेमकांतांनी घसा साफ केला. सूक्ष्मजीवशास्त्र आणि समाज यावर दोन शब्द बोलावेत, असं त्यांच्या मनात आलं असावं. ते उभे राहिले.

तेवढ्यात तापीबाईकाकूंनी खुर्ची पुढे सरकवली, लुगडं जरा वर घेतलं आणि पाय थेट त्यांच्या टेबलाला टेकवला.

"सर, तुम्ही डॉक्टर शेतस ना? मन्हा हाऊ गुडघा लई दुखस. जरा दखी द्या ना."