सरदार वाढायला शिकतो

विनुता तालमीला आली होती ती आईची जरीची साडी द्यायला. नायिका व्हायला नव्हे. पण त्या दिवशी नायिका करणारी कविता तापानं निजली होती, आणि नाटक बसवणारे गुरुमूर्तीमामा म्हणाले, “साडी आणलीसच, तर नेस आणि उभी राहा.”

नाटक जुनं, दरबारी काळातलं, हसवणारं. एक गर्विष्ठ सरदार शेवटच्या अंकात बदलतो आणि बायकोला स्वतःच्या हातानं जेवायला वाढतो. सरदार होता वीज कार्यालयातला प्रणवेश. आवाज खणखणीत, आणि डोळे असे की… विनुता साडीच्या निऱ्यांकडेच बघत राहिली.

त्यानं ऐटीत केळीचं पान मांडलं. शेंडा तिच्या उजवीकडे.

“सरदार, पान उलटं आहे. शेंडा डावीकडे हवा.”

“घरी आई मांडते.”

“आणि तुम्ही?”

“मी जेवतो.”

सगळे हसले. तीही.

पुढं कविता आलीच नाही, नायिका विनुताच राहिली. तालमीनंतर तो तिला बसपर्यंत सोडू लागला. एका संध्याकाळी, तिच्या गावाची, तिरुवैयारुची बस यायच्या आत, त्यानं विचारलं, “तुमच्या अप्पांना भेटायला येऊ?”

तिला हो म्हणायचं होतं. किती म्हणायचं होतं… पण आईला जन्मभर सगळ्यांच्या मागून, गार भात जेवताना तिनं पाहिलं होतं.

“सरदार बदलतो, कारण पडदा पडायचा असतो,” ती म्हणाली. “तुमचं काय?”

“लग्नानंतर—”

“तिथंच तर नाटक संपतं.”

बस आली. ती चढली.

मग आठ दिवस तो तालीम संपताच निघून जाई. रागावला असेल, तिला वाटलं. रविवारी दुपारी मामांनी तिला त्याच्याकडे धाडलं, सरदाराचा फेटा आणायला. दार उघडंच होतं. त्याची आई चंद्रमती जेवायला बसली होती, आणि तो लुंगी खोचून, घामाघूम होऊन, तिला रसम वाढत होता.

“विनुता ना तू? ये,” चंद्रमती म्हणाली. “आठ दिवस झाले, मला उठू देत नाही. पहिल्या दिवशी भात करपवला, आज रसम खारट. मला वाटलं, नोकरी गेली की काय ह्याची.”

प्रणवेशची पळी हवेतच राहिली. “नीट जमल्यावर सांगणार होतो…”

“कधी जमेल?”

“वर्ष लागेल. सांबार अजून राहिलंय.”

विनुता हसू दाबत खाली बसली. “मलाही वाढा.”

रसम खरंच खारट होतं. तिनं पुन्हा मागून घेतलं. मग हात धुऊन फोन लावला.

“अप्पा, पुढच्या रविवारी घरी असा. पाहुणा येतोय… नाही, स्वयंपाक तोच करणार. आणि आई पहिल्या पंगतीला बसणार.”