पाच नंबरची टाकी

मामाच्या घरामागच्या शेडमध्ये काचेच्या आठ टाक्या होत्या. त्यांत तो शोभेच्या माशांची पिल्लं वाढवायचा. पदवीची परीक्षा संपवून मी त्याच्याकडे राहायला आले आणि चाचणीच्या रंगीत बाटल्यांनी पाणी तपासायचं काम अंगावर घेतलं.

हिशोब साधा होता. पिल्लं खातात, घाण करतात, पाण्यात अमोनिया साठतो, वाढ खुंटते. म्हणून रोज एक तृतीयांश पाणी बदलायचं. दर रविवारी मी थोडी पिल्लं बशीत घेऊन, खाली आलेखाचा कागद ठेवून मोजायचे.

सातव्या आठवड्यात सगळीकडची पिल्लं सव्वीस मिलिमीटर झाली होती. पाच नंबरच्या टाकीतली अकरा. एकाच मादीची, एकाच दिवसाची. अमोनिया शून्य. खाणंही व्यवस्थित.

"मामा, हिचं सगळं पाणी बदलून बघू?"

"तिला हात लावायचा नाही. रोजच्यापेक्षा थेंबभरही जास्त पाणी काढायचं नाही."

"पण का?"

"तुझ्या रंगीत बाटल्यांत सगळं कळतं का, भाचीबाई?" तो हसला, पण माझ्याकडे न बघता.

त्या टाकीपाशी त्याची आठ वर्षांची मुलगी बसायची, मनगटापर्यंत हात पाण्यात घालून. पिल्लं तिच्या बोटांभोवती गोळा व्हायची आणि हलायची नाहीत. दोन वर्षं तिची उंची तसूभर वाढली नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले होते. या सात आठवड्यांत मात्र ती चार बोटं वाढली. "फ्रॉकच्या शिवणी उसवून बोटं दुखली माझी," मामी येईल त्याला सांगायची.

मी या दोन गोष्टी एकमेकींना जोडल्या नाहीत.

मामा पिल्लं पोचवायला बाहेरगावी गेला, तेव्हा मी पाच नंबरचं पाणी पूर्ण काढलं. नळीतून हातावर आलं ते कोमट होतं, अंगाइतकं. शेडमध्ये हीटर नव्हता.

दुसऱ्या दिवशी पिल्लं पंधरा मिलिमीटर. तिसऱ्या दिवशी एकवीस. कागद बदलला, पुन्हा मोजलं. एकवीसच.

चौथ्या दिवशी सकाळी मामा परतला. टाकीसमोर थबकला.

"किती बदललंस?"

"सगळं."

तो तिथंच खाली बसला.

घरातून मामीचं हसणं ऐकू आलं. "नाटकं पुरेत. काल तर पोचत होता हात."

मी दारातून पाहिलं. मुलगी बेसिनजवळ स्टुलावर उभी होती. टाचा उंचावून, हात ताणून. बोटं नळाला लागत नव्हती.