दोन कोरे स्क्रू

स्क्रूच्या डोक्यावरचा काळा लेप शाबूत होता. फोनच्या चार्जिंगच्या भोकाशेजारी दोन स्क्रू, तांदळाच्या कणीहूनही लहान. भिंगाखाली दोन्हींच्या खाचा कोऱ्या दिसत होत्या. धातू-तपासणीच्या प्रयोगशाळेत ती बारा वर्षं ओरखडेच वाचत आली होती. स्क्रूड्रायव्हर एकदा जरी बसला, तरी लेपाची कड उडतेच.

आणि नवरा तर म्हणाला होता, चार्जिंगचा भाग नवा बसवलाय.

फोन चार दिवस दुरुस्तीला होता. परत आला त्याच्या दुसऱ्या दिवशी अनोळखी नंबरवरून तिच्याच जुन्या मानसोपचाराच्या चिठ्ठीचा फोटो आला. खाली एक ओळ होती: नव्या संस्थेत रुजू झालीस, तर हे तिथं तुझ्याआधी पोचेल.

तेव्हापासून घर मुठीएवढं झालं होतं. पंधरा दिवस ती परगावच्या त्या संस्थेला 'कळवते' म्हणत होती. आज पाच ही शेवटची वेळ. नवरा दुरुस्तीवाल्याच्या नावानं बोटं मोडायचा, पण तक्रार नको म्हणायचा. चारचौघांत शोभा होईल, त्यापेक्षा नोकरीचाच नाद सोड. नणंद चिडवायची, "भिंगवहिनी, जगाचे ओरखडे दिसतात तुला, घरातले तेवढे दिसत नाहीत."

जेवणाच्या सुट्टीत ती नवऱ्यानं सांगितलेल्या दुकानात गेली.

"हा फोन तीन आठवड्यांपूर्वी तुमच्याकडे आला होता?"

दुरुस्तीवाल्यानं फोन उलटा केला. "नाही ताई. मी उघडलेल्या फोनच्या स्क्रूवर लाल ठिपका देतो. हा तर कुणीच उघडलेला नाही."

"लॉकचा नंबर कुणी आणून दिला होता?"

"नंबर मी घेतच नाही. गिऱ्हाईकासमोर तपासतो. उद्या कुणाचं काही बाहेर पडलं, तर बोंब माझ्या नावानं."

मग त्यानं चार्जिंगच्या भोकात चिमटा घालून कापसाचा एक तंतू ओढून काढला. खिशातला कचरा असा ठासून बसत नाही, म्हणाला.

साडेचारला ती घरी पोचली. नवरा रजा टाकून बसला होता. नणंद कपड्यांच्या घड्या घालत होती.

"दुकानात फोन कुणी उघडला?" तिनं विचारलं.

"त्यानंच. माझ्यासमोर."

"आणि नंबर?"

"कागदावर लिहून दिला. किती वेळा सांगू?"

तिनं फोन आणि भिंग टेबलावर ठेवलं. तो जागचा हलला नाही. नणंदेनं वाकून पाहिलं.

आवाज न चढवता ती सांगत गेली. चिठ्ठीचा फोटो कुलूप लावलेल्या फोटोंत होता आणि त्या कुलपाचा नंबरही फोनच्या लॉकचाच. तो तिनं दुकानात द्यायचा म्हणून एकाच माणसाला सांगितला होता. फोन कुठल्याच दुकानात उघडला गेला नव्हता. बिघाड म्हणजे कोंबलेला कापूस. तो काढला, की दुरुस्ती झाली.

"मग चार दिवस फोन कुणाकडे होता?"

नणंदेच्या हातातली घडी मोडली. "दादा," ती एवढंच म्हणाली.

"तू गेलीस की परत येणार नाहीस," नवरा म्हणाला. तो उठून दाराशी जाऊन उभा राहिला. "चिठ्ठी अजून माझ्याकडे आहे. काय ते विचार करून बोल."

पाचला दहा कमी होते. त्याच्याकडे बघतच तिनं नंबर लावला. संस्थेच्या अधिकारीबाईंनी फोन उचलला.

"तुमच्याकडे कदाचित माझ्या औषधांची एक चिठ्ठी येईल," ती म्हणाली. "ती माझीच आहे, दोन वर्षांपूर्वीची." तिनं श्वास घेतला. "आणि मी सोमवारी रुजू होतेय."